गिरणी गेली, धुराडे उरले

मँचेस्टरहून ब्लॅकबर्नकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तासाभरात डार्वेन नावाचे स्टेशन येते. उतरणारे थोडेच. ‘पंधरा दिवसांत युरोप’ छापाच्या सहलीत हे गाव सापडायचे नाही. माझी मुलगी मँचेस्टरला असते. मागच्या खेपेला तिने लेक डिस्ट्रिक्टचा बेत आखला होता. मी डार्वेन म्हटले. ती हसली. म्हणाली, “बाबा, तिथे बघायला काय आहे?”

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. लँकेशायर-यॉर्कशायरमधली डझनावारी गावे गेली चाळीस वर्षे स्वतःला हेच विचारत आहेत. कापड गेले, कोळसा गेला, मुख्य रस्त्यावरच्या बँकांच्या शाखाही एकामागून एक बंद झाल्या. (हे शेवटचे मला, जुन्या बँकवाल्याला, जरा अधिक लागते.) मग उरलेल्या इमारती पाहुण्यांना दाखवायच्या आणि त्यांना चहा-पाय खाऊ घालून चार पौंड गावात आणायचे, असा हिशेब मांडला जातो. शाकाहारी मंडळींसाठी सांगून ठेवतो : या भागात बटाटा, कांदा आणि लोणी घातलेला ‘बटर पाय’ मिळतो आणि पावसात तो फार बरा लागतो.

डार्वेनमध्ये शिरताच दिसते ते धुराडे. सुमारे तीनशे फूट उंच, लाल-पिवळ्या विटांचे, इटलीतल्या एखाद्या घंटाघरासारखे नटवलेले. धूर सोडायच्या नळीवर एवढा साज चढवणारा काळ १८६०च्या दशकाचा होता. गिरणीचे नाव ‘इंडिया मिल’. तिथली सूतकताई १९९१ साली थांबली. धुराडे मात्र वारसा-वास्तूंच्या यादीत आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही.

हे नाव वाचून आपण थबकतो. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ साली पेटले आणि लँकेशायरचा कापूस अडला. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे धर्मादाय सूपावर आली. तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून इकडे धावला. आखूड धाग्याच्या या मालाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो मागावर इतका तुटे की ‘सुरत’ हा शब्दच तिथे रद्दी मालाला शिवीसारखा वापरला जाऊ लागला. मुंबईत त्याच काळात पैशाचा पूर आला, शेअरांचे वेड लागले. १८६५ साली युद्ध संपताच फुगा फुटला आणि पुढे तीन वर्षांत त्या वेळची बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. एका गावची उपासमार ती दुसऱ्या गावची दिवाळी आणि मग दोघांचेही दिवाळे, असा हा व्यवहार होता.

पुढचा अंक आपल्याला जास्त ठाऊक आहे. १९१३ साली लँकेशायरने सुमारे सात अब्ज यार्ड कापड परदेशी पाठवले. त्यातले तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आले. पंचवीस वर्षांत हा आकडा दशांशाच्याही खाली गेला. त्याचे सगळे श्रेय परदेशी कापडाच्या होळ्यांना देण्याची आपल्याला सवय आहे. पण आयातीवरची जकात होती, जपानचा स्वस्त माल होता आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या तर होत्याच. त्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रे लँकेशायरमधल्याच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी विकलेली! आपल्या गिऱ्हाइकालाच प्रतिस्पर्धी बनवणारा हा सौदा कोणत्या संचालक मंडळाने मंजूर केला असेल, असे माझ्यासारख्याच्या मनात येतेच.

सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी डार्वेनला आले. इथल्या स्प्रिंग व्हेल भागात एका क्वेकर गिरणीवाल्या कुटुंबाच्या आमंत्रणावरून ते उतरले. बेकारी माजलेली, आणि ती ज्याच्यामुळे असे सांगितले जात होते तो माणूस दारात उभा. ग्रीनफील्ड मिलबाहेरचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे : पंचा-शाल घेतलेले गांधीजी आणि त्यांच्याभोवती हात उंचावून जल्लोष करणाऱ्या कामगार बायका. गांधीजींनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. तुमचे हाल खरे आहेत, पण आमच्या खेड्यांतली उपासमार याहून मोठी आहे, असेच त्यांचे म्हणणे होते. तरी त्या बायका हसत होत्या. का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

दुपारी मुलीला टेकडीवर नेले. माळरानावर ८५ फुटांचा दगडी मनोरा आहे, १८९८ साली उघडलेला. व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या राजवटीचे स्मारक म्हणून तो बांधला, पण त्यामागे दुसरीही एक गोष्ट आहे. जमीनदाराने शिकारीसाठी माळावरच्या वाटा बंद केल्या होत्या. रखवालदार लोकांना हुसकून लावत. गावकरी वर्षानुवर्षे भांडले आणि १८९६ साली वाटा खुल्या झाल्या. गिरणीच्या धुरात आठवडा काढणाऱ्यांना रविवारी मोकळी हवा हवी होती, एवढीच मागणी. आज गिरण्या नाहीत, पण वाटा आहेत, आणि तिकीट नाही.

हे मला लालबागचा म्हणून जास्त टोचले. आमच्याकडे १९८२च्या संपानंतर जमिनीचेच भांडण उरले. गिरण्यांच्या जागेत एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेचा आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांचा, हे मूळ सूत्र. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. धुराडी पडली, मनोरे उभे राहिले. त्यांवर चढायला तुम्हाआम्हाला मज्जाव आहे.

अर्थात डार्वेनवाल्यांचे सगळे गोजिरे आहे असे नाही. शेजारच्या बर्नलीत क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ सालची. तिच्या वाफेच्या इंजिनाचे नाव ‘पीस’, आणि त्यावर अजूनही माग चालवून दाखवतात. पण दाखवण्यालाही पैसे लागतात. २०१६ साली कौंटी कौन्सिलने खर्चकपातीत हे संग्रहालय बंदच केले होते. दोन वर्षांनी ते पुन्हा उघडले. जिथे शेकडो हात राबत होते तिथे आता मोजकी माणसे पोट भरतात. पर्यटनाने गिरणीची जागा भरून निघते, असे सांगणाऱ्याने दोन्हीकडची पगारपत्रके शेजारी ठेवून पाहावीत.

इंजिन सुरू झाले, माग धडधडू लागले आणि समोरच्या बाईंचे बोलणे ऐकू येईना. त्यांनी ओठ मोठे करून हलवले. या गोंगाटात विणकर बायका अशाच बोलत. त्याला ‘मी-मॉइंग’ म्हणत.

मला आमच्या शाखेतले एक विणकर काका आठवले, मूळचे संगमेश्वरकडचे. ऐकू कमी येई, म्हणून खिडकीवर ओरडून विचारत, “सायेब, किती हायत?” साऱ्या रांगेला त्यांची शिल्लक कळे. संपाच्या आठव्या महिन्यात ते आले तेव्हा काहीच बोलले नाहीत. पासबुक खिडकीतून पुढे सरकवले आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिले. क्वीन स्ट्रीट मिलचे उत्पादन थांबले तेही १९८२ सालीच, हे मला तिथल्या फलकावर वाचून कळले.

जाणार असाल तर बर्नलीला आधी चौकशी करून जा, इंजिन रोज चालत नाही. आणि डार्वेनच्या मनोऱ्यावर जाताना कानटोपी विसरू नका. २०१० साली तिथल्या वाऱ्याने घुमटच उडवून दिला होता. नवा बसवायला पुढे वर्षाहून अधिक काळ गेला.