खोली मिळते, सोबत मिळत नाही

सॅटर्डे नाईट. फ्लॅटमधले तिघेही बाहेर गेलेत, कुणी डेटवर, कुणी पिक्चरला. आणि तुम्ही मॅगीचं पातेलं मांडीवर घेऊन रिमोटशी खेळताय. 'खूप लोनली वाटतंय यार' असा मेसेजही दोघातिघांना टाकून झालाय. चालायचंच. सोमवारी कँटीनमध्ये पहिला चहा झाला की हे दुखणं आपोआप बरं होतं.

आता दुसरी एक सॅटर्डे नाईट बघा. जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या छोट्याशा कादंबरीतली. कॅलिफोर्नियातल्या एका रँचवरचे गडी मजा करायला गावात गेलेत आणि तबेल्याला लागून असलेल्या खोलीत क्रुक्स एकटाच आहे. घोडे सांभाळणारा, घोड्याच्याच लाथेनं पाठ वाकलेला, पुस्तकं वाचणारा क्रुक्स. रँचवरचा एकुलता एक काळा माणूस. बाहेर घोड्याच्या नालांचा खेळ रंगला की त्याला खेळायला घेतात, तो जिंकला तरी कुणाचं काही जात नाही. पण गडी झोपतात त्या खोलीत रात्री पत्त्यांचा डाव बसतो, तिथं त्यानं पाऊल टाकायचं नाही. का? तर म्हणे त्याच्या अंगाला वास येतो.

त्या रात्री लेनी नावाचा भोळा गडी चुकून त्याच्या दारात येतो. इतक्या दिवसांनी कुणीतरी आलंय म्हटल्यावर क्रुक्स त्याचं प्रेमानं स्वागत करेल असं आपल्याला वाटतं. छे! तो आधी हाकलतो. मग आत घेतो आणि 'तुझा मित्र गावातून परत आलाच नाही तर?' असं विचारून त्याला रडकुंडीला आणतो. मला हा सगळा प्रसंग फार खरा वाटतो. एकटं पाडलेली माणसं गोड होत नाहीत, बोचरी होतात. नंतर तो जरा खुलतो, लेनी आणि त्याच्या मित्राच्या स्वप्नातल्या शेतावर फुकट राबायलाही तयार होतो. तेवढ्यात मालकाची सून येते आणि मनात आलं तर तुला फासावर लटकवेन अशी धमकी देते. ती गेल्यावर क्रुक्स म्हणतो, ते शेताचं विसरा, मी गंमत केली.

अमेरिकेतली गोष्ट म्हणून पुस्तक मिटून टाकता आलं असतं. पण अशीच खोली आणि तिच्यात पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस आपल्याकडेही होता, आणि तो कादंबरीतला नव्हता. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हॉटेलं जात विचारणार, म्हणून त्यांनी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली, दिवसाला दीड रुपया. वर दुसरं कुणीच राहत नव्हतं. अडगळीनं भरलेला मोठा हॉल, कंदिलाचा मिणमिणता उजेड, वटवाघळं. बोलायला माणूस नाही, म्हणून वाचत बसायचं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि सामानासकट बाहेर व्हा म्हणाले.

माझ्या मते त्याहून वाईट पुढचं आहे. ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्यानं बायकोकडे बोट दाखवलं. दोघांनाही वाईट वाटत होतं बरं का! मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत बाबासाहेब एका बागेत बसून राहिले.

आता जळगाव-धुळेवाल्यांनी कान टवकारावेत. साल १९२९. एव्हाना ते बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य. चाळीसगाव-धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावच्या मंडळींनी त्यांना आग्रहानं मुक्कामाला थांबवलं. स्टेशनवर स्वागत झालं, माणसं होती, प्रेम होतं. नव्हता तो फक्त टांगेवाला. अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही तयार होईना. पाहुण्याला चालवत कसं न्यायचं? म्हणून टांगा भाड्यानं घेतला आणि सवय नसलेला एक घरचा माणूस हाकायला बसला. वाटेत टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पाय मोडला. भोवती माणसं असूनही माणूस किती एकटा असू शकतो याचं याहून ठसठशीत उदाहरण मला तरी माहीत नाही.

जळगावहून अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेकडे जाणारी गाडी उधन्याला लागते. खान्देशातली किती घरं या लाइननं पोटापाण्याला गेली! बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायकही याच उधन्यात रेल्वेच्या नोकरीवर येतो. त्याला तर सोबत मिळते. सहकारी घरी नेतो, कवी म्हणून मान देतो, कारण जात लपवलेली असते. ती कळते तेव्हा तीच माणसं त्याला बडवतात. क्रुक्सला निदान आपलं दार कुठलं ते ठाऊक होतं. याला मिळालेली सगळी माया मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर होती.

लपवणं आपल्यालाही थोडंफार माहीत आहे. घरचा फोन आला की बाल्कनीत जाऊन हळू आवाजात अहिराणी बोलणारे कमी आहेत का? पण ती उघडी पडली तर फार तर दोन दिवस 'काय करी ऱ्हायना भाऊ' म्हणून चिडवतील. डिपॉझिट परत देऊन खोली रिकामी करायला कुणी सांगणार नाही. फ्लॅट बघताना 'नॉनव्हेज खाता का?' आणि 'पूर्ण नाव काय?' हे ज्या सुरात विचारतात, तो सूर मात्र ज्यांच्यासाठी असतो त्यांना बरोबर कळतो. बाकीच्यांना तो ऐकूही येत नाही. आणि घरमालकानं नकार दिल्यावर 'आम्हाला काही प्रॉब्लेम नाही रे, पण...' म्हणणारे फ्लॅटमेट बडोद्याच्या त्या दोघा मित्रांपेक्षा किती वेगळे असतात?

बडोदा आणि चाळीसगावची हकिगत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली आहे. अगदी छोटं आहे. जळगावला गाडीत बसल्यावर उघडलंत तर चाळीसगाव येईपर्यंत वाचून होतं.