अंगण खरेच वाकडे असेल तर?

(द्वितीय वर्ष, कला)

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे फार सोयीची होऊन बसली आहे. एखाद्याला एखादी गोष्ट जमली नाही की ती त्याच्या अंगावर फेकायची आणि मोकळे व्हायचे. नाचणाऱ्याचे पाय सगळेच पाहतात. अंगणाची पातळी तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. ती तपासावी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण मात्र काही प्राध्यापकांना पोरखेळाचे वाटेल. ते आहे जुन्या कन्सोलवरील व्हिडिओ गेममधल्या उडीचे.

आमच्या वसतिगृहात चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ आजही खेळले जातात. कोणी मोबाइलवर खेळतो, कोणाकडे थोरल्या भावाचा जुना डबा आहे. गडी खड्ड्यात पडला की वाद ठरलेला. एक पक्ष म्हणतो, “बटण दाबले होते, उडालाच नाही.” दुसरा पक्ष म्हणतो, “तुला खेळता येत नाही. जुने खेळ कडकच होते. आजच्या पोरांना सगळे मऊ लागते.” या दुसऱ्या पक्षाचा दरारा मोठा आहे. जे अवघड ते चांगले, हे त्यांचे सूत्र. मला ते मान्य नाही. अवघड असणे वेगळे आणि अन्यायी असणे वेगळे. जुन्या खेळांत दोन्ही भरपूर आहे, आणि त्यांची गल्लत करणे हा त्या खेळांवरही अन्यायच आहे.

मुळात या खेळांत उडीला एवढे महत्त्व का? १९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘डाँकी काँग’ हा खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळात एक दांडा आणि एक बटण. बटणाचे काम उडी मारणे. नायकाचे नावच मुळी ‘जंपमन’, म्हणजे उडीवाला! पुढे तोच मारिओ झाला. त्याची उडी ठरलेल्या मापाची होती आणि थोड्याशा उंचीवरून पडला तरी गडी खलास होई. खेळाडूचे सारे भांडवल त्या एका उडीत. ती कधी निघेल आणि कुठवर जाईल हे हाताला कळले नाही, तर बाकीची चित्रे आणि संगीत काय चाटायचे?

आता एकाच वर्षातील दोन खेळ शेजारी ठेवून पाहू. जानेवारी १९८५ मध्ये निन्टेंडोने ‘आइस क्लायंबर’ काढला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. कंपनी एक, फॅमिकॉम हे यंत्र एक, मधले अंतर आठ महिन्यांचे. ‘आइस क्लायंबर’मध्ये हातोड्याने डोक्यावरचा बर्फ फोडत डोंगर चढायचा आणि वर पोचल्यावर वांगी, गाजरे अशी भाजी गोळा करायची. कल्पना मोठी गमतीची आहे. पण गडी उडतो तो सरळ वर. बाजूला सरकतो तो मात्र वीतभर. शिवाय बर्फाच्या कडेवर पाय टेकला असे डोळ्यांना दिसते आणि गडी त्या कडेतून आरपार खाली जातो. डोळे एक सांगतात, खेळ दुसरेच मानतो.

मारिओची उडी पाहा. बटणाला नुसती टिचकी मारली तर उडी ठेंगणी, दाबून धरले तर उंच, पळत येऊन मारली तर आणखी उंच. हवेत असतानाही थोडे मागेपुढे सरकता येते, म्हणजे चुकलेला अंदाज सावरता येतो. शिकवण्याची रीतही बघण्यासारखी आहे. पहिल्याच पातळीच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने, असे दोन वेळा येतात. पहिल्या जोडीच्या मधे साधी जमीन आहे. पडलात तर पुन्हा चढा. दुसऱ्या जोडीच्या मधे खड्डा आहे; पडलात तर मेलात. उडी तीच, पण आधी सराव आणि मग परीक्षा. हा खेळ सोपा आहे असे कोणी समजू नये. शेवटच्या पातळ्यांत तो चांगला घाम काढतो. पण हरलेला खेळाडू तिथे पुन्हा बटण दाबतो, डबा आपटत नाही.

तेव्हाची यंत्रेच दुबळी होती, ही सबब म्हणून टिकत नाही. ती दुबळी होती हे खरे. फॅमिकॉममध्ये चालू खेळाचा हिशेब ठेवायला जागा होती अवघी २ किलोबाइट, आणि ‘सुपर मारिओ’ हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसला. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण त्याच यंत्रावर, त्याच वर्षी चांगली उडी झाली ना?

इथे दुसऱ्या पक्षाचीही एक बाजू मांडली पाहिजे. ताठ उडी म्हणजे वाईट उडी, असे माझे म्हणणे नाही. कोनामी कंपनीच्या १९८६ सालच्या ‘कॅसलव्हेनिया’त सायमन हा चाबूकवाला नायक एकदा उडाला की हवेत त्याला वळवता येत नाही. टोला बसलेली विटी जशी आपल्या वाटेने जाते तसा तो जातो. म्हणून उडण्याआधी विचार करावा लागतो. नियम कडक आहे, पण तो पहिल्या उडीलाच कळतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. मला तो आवडतो. चीड येते ती निराळ्या गोष्टीची. शत्रूचा धक्का लागला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असेल तर अंगात कितीही जीव शिल्लक असो, तो गेलाच. नागमोडी उडत येणारी मेड्युसाची मुंडकी नेमकी अशाच अवघड जागी सोडलेली आहेत. सपाट जमिनीवर त्याच धक्क्याला थोडीशी शक्ती कमी होते, इथे मात्र सरळ मरण. एकाच चुकीला कधी दंड आणि कधी फाशी, हा कुठला न्याय?

या कडकपणाचे मूळ शोधू गेल्यास ते बऱ्याच अंशी नाण्यात सापडते. कॅपकॉम कंपनीसाठी तोकुरो फुजिवारा यांनी रचलेला ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ १९८५ साली नाण्याच्या यंत्रावर आला. एक फटका बसला की त्यातल्या सरदाराचे चिलखत उडते आणि तो चड्डीवर येतो. दुसऱ्या फटक्याला हाडेच उरतात. उडी हवेत वळत नाही. शेवटपर्यंत पोचलात तर खेळ सांगतो, आता सगळे पुन्हा पहिल्यापासून खेळा! गिऱ्हाईक लवकर मेले की नवे नाणे पडते, हे तिथले अर्थशास्त्र. घरच्या कन्सोलवर नाणे टाकायचे नव्हते, तरी रीत तीच चालू राहिली. पुढे १९९१ साली याच मालिकेतल्या ‘सुपर घूल्स अँड घोस्ट्स’मध्ये हवेत दुसरी उडी मारण्याची सोय झाली. तो खेळ सोपा झाला काय? मुळीच नाही. आजही तो भल्याभल्यांना रडवतो. खेळाडूच्या हातात थोडे अधिक दिल्याने कस कमी होत नाही, याचा हा पुरावाच आहे.

आपल्याकडची गोष्ट आणखी निराळी. मूळ फॅमिकॉम इथे फार थोड्या घरांत पोचला. १९९० नंतर बाजारात पसरल्या त्या त्याच्या स्वस्त नकला, आणि त्या पुढे कितीतरी वर्षे मिळत राहिल्या. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले. मूळ खेळाबरोबर एक छापील पुस्तिका येत असे. कोणते बटण कशाचे, पळायचे कसे, हे तीत लिहिलेले असे. आपल्या कॅसेटबरोबर ती कधी आली नाही. एकाच कॅसेटवर ‘मारिओ’त उडी बटणावर, तर ‘कुंग फू’त वरच्या बाणावर. ‘मारिओ’त दुसरे बटण धरून पळता येते आणि त्याने उडी वाढते, हे पडद्यावर कुठेच लिहिलेले नाही. माझ्या मामेभावाकडे असा डबा होता. त्याच्या गल्लीत ज्या मुलाला ते पळायचे बटण ठाऊक होते, तो सगळ्यांत हुशार गणला जाई. त्याला ते कोणी सांगितले होते? मुंबईला राहणाऱ्या त्याच्या काकांनी.

आजच्या खेळांना मऊ म्हणणाऱ्यांनी २०१८ साली आलेला ‘सेलेस्ट’ पाहावा. हाही डोंगर चढण्याचाच खेळ, आणि शेकडो वेळा मेल्याशिवाय तो सहसा पुरा होत नाही. पण त्यात कडेवरून पाय सुटल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंद उडी मान्य होते. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले तरी ती दाब लक्षात ठेवून पाय टेकताच गडी उडतो. माणसाचा डोळा आणि बोट यांत थोडे अंतर राहणारच, हे करणाऱ्यांनी आधीच धरून ठेवले आहे. डोंगर मात्र इंचभरही कमी केलेला नाही.

माझे वडील गवंडी आहेत. जिन्याची एक पायरी इतरांपेक्षा इंचभर जास्त झाली की चढणारा तिथे हमखास अडखळतो. वडील तेव्हा चढणाऱ्याला बोल लावत नाहीत. पायरी फोडून नव्याने बांधतात. जिना उंच असायला त्यांची हरकत नसते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून उडीचा हा प्रश्न मला खेळापुरता वाटत नाही. इथेही अवघड गोष्टी आहेत आणि त्या असाव्यात. पण एटीकेटी म्हणजे काय, अंतर्गत गुण कशाला मिळतात, कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, याची पुस्तिका काहींना घरातूनच मिळालेली असते. ज्यांच्या घरी कोणी आधी शिकलेले नाही, ते पळायचे बटण न कळताच उडी मारतात. आमच्यातल्या एकाचा शिष्यवृत्तीचा अर्ज तारीख उलटल्याने राहिला. खिडकीवर त्याला उत्तर मिळाले, “बाकीच्यांना कसे कळले?” वर्षभराच्या मेसचे पैसे त्या अर्जावर अवलंबून होते. तो आता रात्री एका दुकानात काम करतो आणि सकाळच्या तासाला पेंगतो. त्याला आळशी म्हणणारे पुष्कळ आहेत.

प्रश्नपत्रिका सोप्या करा, असे मी म्हणत नाही. खड्डा खुशाल ठेवा. त्याच्या आधी खाली जमीन असलेला एक जिना ठेवा. येत्या जूनमध्ये प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती चार पानांची एक साधी पुस्तिका पडावी, अशी माझी सूचना आहे. ती लिहायला मी आणि माझे दोन मित्र तयार आहोत. तारखा तेवढ्या कार्यालयाने द्याव्यात.