गोळी द्या, पण घरच्यांना सांगून द्या!

नगरकरहो,

मोठ्या माणसाला एडीएचडी असतो, हेच आपल्याकडे अजून अनेकांना पटत नाही. लहानपणी धांदरट, वांड म्हणून मार खाल्लेला मुलगा तिशीत पुण्याला जाऊन निदान करून घेतो आणि मिथाइलफेनिडेटची चिठ्ठी घेऊन परततो. कामात लक्ष लागू लागतं, संसार सावरतो. हे पत्रक त्या गोळीविरुद्ध नाही. ती देताना जे सांगायचं राहतं, त्याविरुद्ध आहे.

मिथाइलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामाइन अशा उत्तेजक औषधांनी क्वचित कुणाला सायकोसिस होऊ शकतो. झोप उडते. शेजारी पाळत ठेवतात, मोबाइलवरचं बोलणं कुणीतरी ऐकतं, असं वाटू लागतं. नसलेले आवाज ऐकू येतात. 2019 साली अमेरिकेत 13 ते 25 वयोगटातल्या सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर 660 मागे एकाला हा त्रास झालेला दिसला. गोळी न घेणाऱ्यांशी त्यात तुलना नव्हती, म्हणून सगळं खापर गोळीवर फोडू नये. अ‍ॅम्फेटामाइन घेणाऱ्यांत मात्र हे प्रमाण मिथाइलफेनिडेटच्या दुप्पट होतं. ती औषधं आपल्या दुकानांत रीतसर मिळत नाहीत. तेव्हा अमेरिकेतल्या भावाने सुटकेसमधून आणलेल्या गोळ्या उपचार समजून कुणी खाऊ नयेत. एमपीएससीच्या अभ्यासासाठी मित्राची गोळी मागणाऱ्यांनाही तेच सांगणं.

660 मध्ये एक म्हणजे नगण्य, असं म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना आमचा सवाल आहे: तो एक ज्या घरात असेल, त्या घराला ते कळणार कसं? तो पहिल्यांदा संशय बोलून दाखवतो तेव्हा समोर बायको असते, आई असते. त्यांना गोळीचं नावही माहीत नसतं. मग देवऋषी होतो, उतारा होतो आणि गोळी रोज सकाळी चालूच राहते.

राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आपला. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगर गाठणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. त्या माणसाला 'काही वाटलं तर या' एवढंच सांगणं म्हणजे न सांगणंच.

म्हणून आमची मागणी: गोळी सुरू करण्याआधी घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलरचा आजार होता का, रुग्ण गांजा ओढतो का, हे विचारा. घरच्या एकाला समोर बसवून धोक्याच्या खुणा मराठीत लिहून द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर दवाखान्यातून फोन जाऊ द्या. औषध दुकानदारांनी जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा पाकीट देऊ नये. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याच्या यादीत आहे, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

आणि घरच्यांनो, वर लिहिलेलं काही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठा. ते भेटत नसतील तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तर फोनवर थांबू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या. जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या.

— काही रुग्ण व त्यांचे नातेवाईक, अहिल्यानगर जिल्हा