'कुटुंब' सावरते म्हणजे कोण सावरते?



अपंग मूल असलेल्या घराबद्दल आपण सहज म्हणतो, 'कुटुंबाने सावरून घेतले.' मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर या वाक्यातले 'कुटुंब' म्हणजे बहुतेक वेळा एकटी आई असते.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला तर मुलाला सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. पण बोल लागतो आईला. 'ग्रहण पाळले नाहीस', 'तुझ्याच पोटात खोट'. मुरबाडला रेल्वे नाही. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर मूल कडेवर घेऊन एसटीने कल्याण, पुढे लोकल. मूल वाढते, वजन वाढते, कड तीच राहते. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. भातलावणीच्या दिवसांत हे परवडत नाही. मग व्यायाम, उपचार सगळेच मागे पडते. बापाने मुलाला एकदा आंघोळ घातली तर तो देवमाणूस ठरतो. आईने रोज घातली तर त्याची कुणी नोंदही घेत नाही.

मुलगी वयात आली की आईचे काम आणखी वाढते. याच मुद्द्यावरून १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिले की, पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी विरोध केला आणि तो योग्यच होता. सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाच्या शरीरावर शस्त्र चालवता येत नाही. पण 'मग रोज तिचे कोण करणार?' हा प्रश्न आजही आईच्याच पदरात आहे. मुलीचा हक्क आणि आईचे श्रम, दोन्ही आपलेच मुद्दे आहेत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' योजना आहे. आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून अपंग व्यक्तीला अनुदान मिळते. सांभाळणारीच्या श्रमाचे मोल त्यात धरलेले नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सांभाळणारीला भत्ता हवा. व्यायामोपचार आणि दाखल्याची शिबिरे तालुक्याच्या गावी नियमित हवीत. ग्रामसभेत हा विषय आपणच मांडायला हवा.

आणि एक काम आपल्या घरचे. या आया बैठकीला येत नाहीत अशी तक्रार आपण करतो. पुढची बैठक त्यांच्याच ओटीवर घेऊ या.