उरलेल्या पैशावरचा खेळ

व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. पेढीची नवी शाखा उघडायची ठरली, की घरातील वडीलधारे प्रथम भांडवलाविषयी विचारतात. शाखेसाठी स्वतंत्र रक्कम बाजूला काढली आहे, की मुख्य दुकानात जे उरेल त्यावर तिने दिवस काढायचे आहेत? पहिल्या प्रकारची शाखा एखादे वाईट वर्ष सोसते. दुसऱ्या प्रकारची शाखा स्वतःचा व्यवहार कितीही चोख ठेवो, मुख्य दुकानाला खोट आली की प्रथम तिच्याच दाराला कुलूप लागते. इंग्लंडमधील महिला फुटबॉलच्या खालच्या श्रेणींची हकीकत वाचताना हाच हिशेब पुनःपुन्हा समोर येतो.

आपल्याला दूरचित्रवाणीवर दिसतो तो या खेळाचा कळस. इंग्लंडच्या महिला संघाने २०२२ व २०२५ अशी दोनदा युरोपची अजिंक्यपदे मिळविली, आणि त्यांच्या विजयाच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांतही आल्या. या कळसाखाली एक लांब शिडी आहे. सर्वांत वर २०११ साली सुरू झालेली सुपर लीग आणि तिच्याखाली दुसरी श्रेणी. तिसऱ्या श्रेणीपासून नॅशनल लीग सुरू होते. तिचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग असून प्रत्येकात १२ संघ आहेत. चौथ्या श्रेणीत चार विभाग आहेत आणि त्याखाली प्रादेशिक व जिल्हा पातळीवरील स्पर्धा. तिसऱ्या श्रेणीपासून खाली येताना बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या मुली आणि स्त्रिया असतात.

त्यांचा हंगाम कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये आरंभ होतो आणि वसंत ऋतूत शेवट. १२ संघांच्या विभागात प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर, असे २२ साखळी सामने होतात. आठवड्यात कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सराव आणि रविवारी दुपारी सामना. हिवाळ्यात मैदानात पाणी साचले की सामने पुढे ढकलले जातात आणि हंगामाच्या अखेरीस त्यांची गर्दी होते. दक्षिण विभागात २०२४-२५ साली नैर्ऋत्येकडील प्लिमथ आणि पूर्वेकडील इप्सविच असे दोन्ही संघ होते. या दोन गावांत रस्त्याने साडेचारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. तेवढा प्रवास करून सामना खेळायचा, रात्री परतायचे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे. एवढ्या श्रमांनंतर त्या वर्षी प्रत्येक विभागातून वरच्या श्रेणीत गेला तो केवळ पहिल्या क्रमांकाचा संघ : दक्षिणेतून इप्सविच टाऊन आणि उत्तरेतून नॉटिंगहॅम फॉरेस्ट.

या खेळाला प्रेक्षक नव्हते म्हणून तो दुर्बल राहिला, असे कोणास वाटेल. इतिहास वेगळे सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ साली संघ काढला आणि सामन्यांचे उत्पन्न रुग्णालये व जखमी सैनिकांच्या साहाय्यासाठी देण्यास आरंभ केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सेंट हेलन्सच्या संघाशी सामना झाला, तेव्हा सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. त्या ठरावात हिशेबाचाही आक्षेप होता : गोळा झालेल्या रकमेचा फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कार्यास पुरेसा उरत नाही. ज्यांच्या नावावर दानाचा एवढा लौकिक जमा होता, त्यांच्याच वहीवर शंका घेतली गेली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. डिक, करचा संघ बंदीतही १९६५ पर्यंत खेळत राहिला, परंतु मोठी मैदाने आणि त्यांच्या प्रवेशद्वारावरचा गल्ला हातातून गेला तो गेलाच. पुरुषांच्या क्लबांनी या पन्नास वर्षांत भांडवल साठविले. स्त्रियांच्या संघांना पुढे त्याच क्लबांच्या आश्रयाने उभे राहावे लागले, त्याचे मूळ येथे आहे.

आश्रयाचे फळ कसे मिळते, हे अलीकडच्या काही उदाहरणांवरून समजते. न्यूकॅसल युनायटेडचा महिला संघ चौथ्या श्रेणीत असताना १ मे २०२२ रोजी त्यांचा सामना प्रथमच क्लबच्या मुख्य मैदानावर ठेवण्यात आला. २२,१३४ लोक पाहावयास आले. त्याच वर्षी क्लबने संघाला आपल्या रचनेत अधिकृत स्थान दिले, २०२३ साली खेळाडूंना पूर्णवेळ वेतन दिले, आणि लागोपाठ दोन हंगामांत दोन श्रेणी चढून संघ २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. पैसा मात्र सर्व काही विकत घेऊ शकत नाही. त्या २०२३-२४ च्या हंगामात नॅशनल लीग चषकाच्या अंतिम सामन्यात याच न्यूकॅसलला हॅशटॅग युनायटेड या लहान क्लबच्या मुलींनी हरविले.

रेडिंगची कथा उलट आहे. तेथील महिला संघ २०२३ पर्यंत सुपर लीगमध्ये होता. पुरुषांच्या क्लबच्या मालकांची आर्थिक घडी विसकटली, आणि जून २०२४ मध्ये महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. पुढच्या हंगामात तो एकदम पाचव्या श्रेणीत खेळू लागला. मैदानावरच्या पराभवाने संघ एका वेळी एकच पायरी उतरतो. रेडिंगच्या मुलींना तीन पायऱ्या उतरविले ते वहीतल्या तुटीने. उत्तर विभागातील वुल्व्हज संघाचा अनुभव त्याहून बोचरा. २०२४-२५ साली तो बढतीच्या शर्यतीत राहून दुसरा आला, आणि हंगामाच्या अखेरीस असे उघड झाले की वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचा अर्जच क्लबने केला नव्हता. ज्या जागेसाठी मुली वर्षभर झगडत होत्या, ती मिळाली असती तरी त्यांच्या पेढीने घेतली नसती.

ससेक्समधील ल्यूइस या छोट्या गावाने निराळा मार्ग धरला. तेथील क्लब २०१० पासून समर्थकांच्या मालकीचा आहे. २०१७ साली त्यांनी पुरुष व महिला संघांना समान रक्कम देण्याचा निर्णय घेतला. महिला संघ २०१८ पासून सहा हंगाम दुसऱ्या श्रेणीत राहिला आणि २०२३ मध्ये एफए चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडसमोर उभा ठाकला. याच क्लबने चषकाच्या बक्षिसांतील विषमतेविरुद्ध आवाज उठविला. २०२१-२२ साली पुरुषांच्या विजेत्याला १८ लाख पौंड मिळत, तर महिलांच्या विजेत्याला २५ हजार. पुढच्या हंगामापासून महिला चषकाची एकूण बक्षीस रक्कम ३० लाख पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. खालच्या श्रेणींतील संघ याच चषकाच्या प्राथमिक फेऱ्या खेळतात, आणि तेथे जिंकलेली लहानशी रक्कम त्यांच्या बसभाड्याला उपयोगी पडते. ल्यूइसचा संघ मात्र २०२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीत उतरला. मोठ्या क्लबांचा खर्च वाढत गेला आणि समान वाटणी झाली तरी मूळ रक्कम लहानच होती. तरीही ल्यूइसची घसरण आणि रेडिंगची घसरण यांत मोठा फरक आहे. ल्यूइस खेळून हरले, आणि खेळूनच पुन्हा वर येण्याची वाट त्यांच्यासाठी मोकळी राहिली.

सुज्ञ वाचकांना याचा अर्थ वेगळा उलगडून सांगावयास नको. आपल्या कित्येक घरांत मुलीने वा सुनेने काही उद्योग आरंभिलेला असतो. त्याचे कौतुक होते, पाहुण्यांना सांगितलेही जाते. परंतु दिवाळीला नव्या वह्या मांडताना त्या उद्योगाचे स्वतंत्र खाते असते का? त्याला ठरलेली रक्कम ठरल्या वेळी मिळते का? मुख्य व्यवहारात ओढाताण झाली, की सर्वप्रथम त्याच्याच रकमेला हात लावला जातो का? इंग्लंडच्या मैदानांवर रविवारी दुपारी खेळणाऱ्या त्या मुलींच्या कष्टांत काही उणे नाही. उणे राहते ते त्यांच्या नावाच्या खात्यात. या पाडव्याला वही उघडाल, तेव्हा घरातील लेकीसुनांच्या उद्योगासाठी एक पान आधी राखून ठेवावे, मग पुढचा हिशेब मांडावा.