हे पुस्तक वाचलेस का?

गावात नवा शिंपी आला, तर त्याची शिलाई कशी आहे हे आठ दिवसांच्या आत घरोघर ठाऊक होते. कोणाच्या मळ्यातला हुरडा यंदा गोड निघाला, कोणत्या वैद्याच्या औषधाने खोकला थांबला, ही माहिती लोक एकमेकांना न मागता देतात. पुस्तकाविषयी मात्र असे क्वचितच घडते. वाचणारा वाचतो, पुस्तक मिटतो आणि परत करतो. वाचताना त्याच्या मनात जे काही उमटले, ते त्याच्याजवळच राहते व थोड्याच दिवसांत पुसट होते. वाचन एकांतात करावयाचे असते हे खरे. परंतु एकांतात सुरू झालेली गोष्ट एकांतातच संपली पाहिजे असे कोठे आहे?

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने श्री. विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. योजना अगदी साधी होती. निरनिराळ्या विषयांची पंचवीस पुस्तके एका पेटीत घालावयाची आणि ती पेटी एखाद्या वस्तीतील वाचकांच्या स्वाधीन करावयाची. त्यांनी ती पुस्तके आळीपाळीने वाचावी. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या वस्तीत जावी व तिच्या जागी नवी यावी. वाचकाने ग्रंथालयाकडे जाण्याऐवजी ग्रंथच वाचकाकडे निघाले. पाहता पाहता पेट्यांची संख्या वाढली. त्या महाराष्ट्राबाहेर गेल्या आणि समुद्र ओलांडून दुबईतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या.

या योजनेतील खरी मौज पंचवीस या आकड्यात आहे. मोठ्या ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात. तेथे प्रत्येक वाचक आपल्या वाटेने येतो, आपले पुस्तक घेतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. शेजारी काय वाचतो याची त्याला गरज भासत नाही. पेटीत मात्र पुस्तके मोजकी आणि प्रत्येकाची प्रत एकच! जे पुस्तक हवे, ते नेमके शेजारच्या काकूंकडे असते. मग त्यांच्या दारी जावे लागते. “काकू, पुस्तक संपले का?” हा पहिला प्रश्न, आणि “कसे आहे?” हा दुसरा. पुस्तकांची टंचाई सहसा कोणाला गोड वाटत नाही. पण वर्षानुवर्षे जिन्यात भेटूनही न बोललेली माणसे या टंचाईमुळे बोलू लागतात.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे हीच गोष्ट निराळ्या रीतीने साधली आहे. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ही कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून सुचली. तेथे पुस्तके विकावयास ठेवलेली असतात, भिलारला ती केवळ वाचावयास. एका घरी कथा, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी बालसाहित्य. परक्याच्या घरी बसून पुस्तक वाचणारा पाहुणा घरच्या माणसांशी दोन शब्द बोलल्यावाचून कसा राहील?

“कसे आहे?” या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: “छान आहे.” असे उत्तर देणारा वाचक लबाड नसतो, आळशी असतो, एवढेच. छान हा शब्द भज्यांना चालतो, सदऱ्याला चालतो, सहलीलाही चालतो. म्हणूनच त्यातून पुस्तकाविषयी काही कळत नाही. ऐकणाऱ्याला हवे असते ते निराळेच. आरंभीची वीस पाने कंटाळवाणी आहेत का? पुढे गोष्ट वेग घेते का? कोठे हसू आवरले नाही, कोठे क्षणभर पुस्तक मिटावेसे वाटले? शेवट तेवढा सांगू नये; तो ज्याचा त्याने गाठावा. (काहींना शेवट सांगितल्यावाचून चैनच पडत नाही. अशांच्या आधी पुस्तक वाचून टाकणे हाच एक उपाय!) शिवाय आपण कोणाला सांगत आहोत, याचेही भान हवे. ज्याला यंत्रे उघडून पाहण्याची हौस आहे, त्याच्या हाती कवितांचे पुस्तक द्यावे आणि तो वाचत नाही म्हणून तक्रार करावी, हे योग्य नव्हे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक भेटावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटावा, असा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. या गाठी घालण्याचे काम एकट्या ग्रंथपालाच्या आवाक्यातले नाही. मित्राची आवडनिवड मित्रालाच अधिक ठाऊक असते.

शाळांतून या कामाला आरंभ होऊ शकतो. पण तेथे एक मोठी अडचण आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, पुस्तकांना हवा लागते, आणि ‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर मुले बोलतात. पुष्कळदा दहा मुले एकाच पुस्तकाविषयी एकाच शब्दांत बोलतात. एखादा तर पुस्तकाच्या पाठीवर छापलेला मजकूरच पाठ करून येतो. गुरुजींना जे ऐकावयाचे आहे तेच आपण बोलावे, अशी मुलांची समजूत झालेली असते. यात मुलांचा अपराध थोडा आहे. आवडलेले पुस्तक त्यांना दरवर्षी विचारले जाते. न आवडलेले पुस्तक त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

समजा, अशाच एका वर्गात ‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी बोलणे चालले आहे. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून घराघरांतून वाचले जात आहे. सर्वांनी त्याची स्तुती केली. इतक्यात एक मुलगी उठून म्हणाली, “पोहायला भिणाऱ्या श्यामला आई मारते, ते मला आवडले नाही.” वर्ग एकदम शांत झाला. या क्षणी शिक्षक काय करतील, त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. “एवढ्या थोर पुस्तकाविषयी असे बोलू नये,” असे ते म्हणाले, तर ती मुलगी खाली बसेल आणि पुढच्या वर्षी पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर पाठ करून येईल. तिच्याबरोबर आणखी तीस मुलेही तेच शिकतील. परंतु शिक्षकांनी शांतपणे विचारले, “का आवडले नाही?” मुलगी म्हणाली, “भीती माराने जाते का?” मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्यालाही नदीत असेच ढकलले होते. आता तो पैलतीर गाठतो, असे त्याने अभिमानाने सांगितले. “पण तेव्हा तुला काय वाटले होते?” मुलीने विचारले. मुलगा थोडा घुटमळला. त्या प्रकरणात आईलाही मारताना वाईट वाटले असेल की नाही, यावर दोन बाके भांडू लागली. ज्यांनी पुस्तक वाचले होते त्यांना नीट आठवेना. ज्यांनी वाचले नव्हते त्यांना मध्ये बोलता येईना.

मधली सुट्टी झाली. ग्रंथालयाच्या कपाटात त्या पुस्तकाची एकच प्रत होती. शेवटच्या पानावरील तारखांच्या कागदावर कित्येक महिन्यांत शिक्का उमटलेला नव्हता, आणि कपाटापुढे चार मुले उभी होती.