तासात नाणं घावलं तर…



वळवाच्या पहिल्या पावसानंतर जुन्या पांढरीकडच्या रानात फेरी मारली, की धुऊन निघालेल्या ढेकळांत खापरं दिसतात. एखादे वेळी हिरवट चकतीही दिसते. पोर पळत येतं, "आबा, पैसा घावला!" चिंचेनं घासलं, की एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति' अशी अक्षरं उमटतात. ही शिवराई.

आपल्या खंडाळा तालुक्यात याचं नवल वाटू नये. खंबाटकीपासून नीरेकाठच्या शिरवळपर्यंतचा हा मुलूख जुन्या रहदारीचा. त्यातून जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरून रानात टाकायची आपली रीत. मातीबरोबर नाणंही रानात जातं.

आता काही हौशी मंडळी धातुशोधक यंत्र घेऊन हिंडतात. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, खाली धातू आला की आवाज होतो. पण नाण्याला वाजतं तसं ते गंजक्या खिळ्यालाही वाजतं, आणि लहान नाणं फार खोल असलं तर वाजतच नाही. संरक्षित किल्ल्यावर वा लेण्यांपाशी परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. दुसऱ्याच्या रानात त्याला न विचारता शिरू नये, हे काय सांगायला हवं?

खरं मोल कशात असतं पाहा. १९०६ साली नाशिककडच्या जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला! कोणी कोणाला जिंकलं, याची साक्ष त्या चांदीनं दिली. सोनाराच्या मुशीत गेली असती, तर उरली असती नुसती लगड.

म्हणून सांगतो, नाणं घासू नका, वितळवू नका. कुठल्या बांधापासून किती पावलांवर, किती खोल मिळालं ते लिहून ठेवा. आणखी आहे असं वाटलं तरी खणत बसू नका.

आणि दडपूही नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वाट तलाठी दाखवील. लपवलं तर हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि धन बेवारस ठरलं, तर ते सापडवणाऱ्याला मिळतं. जमीन दुसऱ्याची असली आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक मालकाचा. म्हणजे खुरपणाऱ्या बाईला घावलं, तर तीन हिस्से तिचे! सरकारला धन ठेवून घ्यायचं झालं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.

मात्र 'तुमच्या घरात गुप्तधन आहे, पूजा घालू' म्हणणारा बाबा दारात आला, तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. त्याला धन तुमच्या भुईत दिसत नाही, तुमच्या खिशात दिसतं.

या पावसाळ्यात पोरांना एवढं सांगून ठेवा: घावलं तर आधी जागेवर खूण करायची, मग हाक मारायची.